भिंतीवरची गाळणी

भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रानेच पिसे बंधाऱ्यापर्यंत येते. तिथे ते उपसले जाते, भिवंडीजवळच्या पांजरापूर केंद्रात शुद्ध होते आणि मुंबईच्या नळांना जाते. मुंबईला रोज मिळणाऱ्या सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचे असते. तानसा धरणही शहापूर तालुक्यातलेच. ते १८९२ पासून मुंबईची तहान भागवते आहे. मुरबाडच्या बाजूला बारवी आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाचे पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात पोहोचते. शहरांचे पाणी गाळायला अशी मोठमोठी केंद्रे उभी आहेत, माणसे चोवीस तास राबताहेत. धरणांच्या आसपास राहणाऱ्यांना मात्र आपले पाणी आपल्या दारातच गाळून घ्यावे लागते.

आसनगाव, वासिंद, शहापूर, सरळगाव, मुरबाड या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या घरांच्या मागच्या भिंतीवर म्हणूनच एक जाडजूड निळे नळकांडे दिसू लागले आहे. कुणी त्याला मेन लाइनचा फिल्टर म्हणतो, कुणी टाकीचा फिल्टर, कुणी जंबो. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरशी त्याची गल्लत करू नये. प्युरिफायर पिण्यापुरते पाणी शुद्ध करतो. भिंतीवरच्या फिल्टरमधून मात्र घरात येणारा प्रत्येक थेंब जातो. आंघोळीचा, भांड्यांचा, कपड्यांचा आणि शेवटी प्युरिफायरकडे वळणाराही. आत एक पांढरी, दंडगोल कँडल असते. ती ठरावीक काळाने बदलावी लागते आणि घोडे अडते ते इथेच. प्लंबर आज येतो म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात उगवतो. पावसाळ्याच्या तोंडावर तर तो कुणालाच सापडत नाही. तोवर नळाची धार बारीक होते, वरच्या मजल्यावर पाणी चढेनासे होते. मग वैतागून कुणीतरी कँडल काढून ठेवतो आणि रिकाम्या नळकांड्यातून पाणी तसेच घरात येऊ लागते. फिल्टर भिंतीवर असतो, गाळणे मात्र थांबलेले असते.

ही कँडल घरच्या माणसाने स्वतः बदलावी. पाण्याचे वागणे तिच्यावर उमटलेले असते. ते जो रोज हे पाणी वापरतो त्याच्याच डोळ्यांखाली यायला हवे.

शहापूर-मुरबाडची जमीन काळ्या कातळाची, सह्याद्रीच्या बेसॉल्टची आहे. दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो या कातळावरून धावत सुटतो. मुरते ते भेगांमधून, थोडेसेच. त्यामुळे जुलैत दुथडी वाहणाऱ्या ओढ्यांचे एप्रिल-मे महिन्यांत दगड उघडे पडतात आणि दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पाणी बदलते तसा त्यातला गाळही बदलतो. पहिल्या पावसात नदी-विहिरीच्या पाण्याला तांबडा रंग चढतो. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला की तळाची बारीक माती पोहऱ्यात येऊ लागते. बोअरचा पंप खोल पाण्यापर्यंत पोहोचला की कातळाची करडी पूड वर येते. टँकरचे पाणी टाकीच्या तळाचा गंज सोबत घेऊन येते. एकाच घरात वर्षभरात असे चार प्रकारचे पाणी येते आणि ते एकाच फिल्टरमधून जाते.

पाणी गाळण्याची विद्या या भागाला नवी नाही. नदीचे पात्र आटले की वाळूत हाताने खड्डा करायचा, पाझरून येणारे पाणी वाटीने हंड्यात भरायचे, ही झिऱ्याची रीत आदिवासी पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वाळूतून हळूहळू झिरपलेले पाणी शेजारच्या डबक्यातल्या पाण्यापेक्षा नितळ असते, हे कातकरी-ठाकूर बायांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. जगातल्या अनेक शहरांनी नंतर नदीकाठच्या वाळूत विहिरी खणून हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. घरी आलेला हंडा पुन्हा कपड्यातून गाळला जाई. जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा दुहेरी-चौहेरी करून हंड्याच्या तोंडाला बांधत, पाणी ओतून झाले की उलटा करून झटकत, उन्हात वाळवत.

या कापडाची ताकद शास्त्राने मोजलेली आहे. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात गावकऱ्यांना जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला शिकवले. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी घटले होते. पटकीचा जंतू कापडात अडकण्याइतका मोठा नसतो, पण तो पाण्यातल्या बारीक प्लवक-जीवांना चिकटून राहतो आणि ते जीव साडीच्या आठ पदरी घडीत अडकतात. साडी जुनीच लागते, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुगलेले असतात आणि त्यांच्यामधली छिद्रे लहान झालेली असतात. महागड्या यंत्राशिवाय, केवळ घरातल्या माणसाने रोज न चुकता केलेल्या एका कृतीने एवढा फरक पडला.

वाळूने केवढे काम होते याचा पुरावा तानसाच्या जन्मवर्षानेच दिला. १८९२ मध्ये तानसाचे पाणी मुंबईला सुरू झाले, त्याच वर्षी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता वापरत होते. त्याला खेटून असलेले आल्टोना शहर त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेत होते, पण ते वाळूच्या थरांतून गाळून. आल्टोना बऱ्याच अंशी वाचले. काही ठिकाणी दोन शहरांची सीमा एका रस्त्यापुरती होती आणि पटकी त्या रस्त्यापाशी थबकली होती. पाणी गाळणे ही चैन आहे की गरज, हा वाद युरोपात त्यानंतर फारसा उरला नाही.

महाराष्ट्राने या विद्येत स्वतःची भर घातली आहे आणि तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. अभियंते जे. एन. कर्डिले यांनी १९७० च्या दशकापासून लहान गावांना परवडतील अशी जलशुद्धीकरण केंद्रे उभारली. नागपूर जिल्ह्यात रामटेक येथे १९७३ मध्ये, जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे १९७७ मध्ये आणि नाशिक जिल्ह्यात चांदोरी येथे १९८० मध्ये. त्यांच्या गाळणीत वाळूच्या थरावर नारळाच्या करवंटीचा चुरा होता. करवंटी हलकी, म्हणून तिचे दाणे मोठे ठेवले तरी पाणी उलट सोडून थर धुताना ते वरच राहतात, आणि जड बारीक वाळू खाली बसते. गढूळ पाणी आधी जाड दाण्यांतून जाते, मोठा गाळ तिथेच अडतो आणि वाळूवर फक्त बारीक गाळाचे काम उरते. गाळणी लवकर तुंबत नाही. देवळातून, खानावळीतून आणलेल्या करवंट्यांमध्ये असे काम करण्याची ताकद असते, हे ओळखणारा अभियंता लोकांच्या खिशाकडे पाहून विचार करत होता.

भिंतीवरच्या कँडलमध्येही युक्ती तीच आहे. पॉलिप्रॉपिलीनचा वितळलेला धागा फवारून ती बनवलेली असते, बाहेरून सैल आणि आत जाईल तशी घट्ट. जाड कण वरच्या थरात अडकतात, बारीक कण खोलवर जाऊन थांबतात. पाच मायक्रॉनची कँडल म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे चौदाव्या भागाइतका कण अडवणारी. गाळ असा खोलवर शिरलेला असल्यामुळेच ती ब्रशने घासून पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो. वरचा थर पांढरा दिसू लागतो, आतला तुंबलेलाच राहतो, आणि घासण्याने धागे विस्कटून गाळाला वाट मोकळी होते. ज्यांना धुऊन वापरायची आहे त्यांनी चुण्यांची किंवा स्टीलच्या जाळीची कँडल घ्यावी. ती वेगळी मिळते.

आता प्रत्यक्ष काम. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. नळकांड्याच्या डोक्यावर लाल बटण असते. ते दाबले की आतला दाब फुस्सकन निघून जातो. हे न करता पान्हा लावला तर नळकांडे हलता हलत नाही, आणि जोर केला तर तडकते. खाली बादली ठेवायची, कारण आत काही लिटर पाणी असते. मग मोठा प्लास्टिकचा पान्हा खालून चढवायचा. खालून वर पाहिले तर तो बरणीचे झाकण उघडायच्याच दिशेने फिरतो, पण समोर उभे राहून पाहणाऱ्याला ती दिशा उलटी भासते. पहिल्यांदा हे काम करणारे बहुतेक जण इथेच नळकांडे सोडवायच्या ऐवजी आवळत बसतात.

नळकांडे सुटले की ते दोन्ही हातांनी पेलावे लागते. भरलेले नळकांडे चांगलेच जड असते. जुनी कँडल बाहेर येते ती चिखलात बुडवून काढल्यासारखी. नवी असताना हलकीफुलकी होती ती आता पाण्याने आणि गाळाने वजनदार झालेली असते. बोटाने दाबले तर बुळबुळीत लागते. नळकांड्याच्या तळाशी गाळाचा थर बसलेला असतो. तो मऊ कापडाने पुसायचा, साध्या साबणाने आतून धुवायचे आणि भरपूर पाण्याने खळबळून घ्यायचे.

सगळ्यात जपायचा भाग सगळ्यात छोटा असतो, तो म्हणजे काळी रबरी रिंग. ती खाचेतून काढून बोटांच्या चिमटीत सरकवत पूर्ण फिरवून पाहायची. कुठे चीर, चपटेपणा, वाळूचा कण आहे का, ते डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळते. खाचही पुसायची. रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. हाताशी असलेले व्हॅसलीन किंवा इंजिनाचे तेल लावायचा मोह होतो, पण काही प्रकारचे रबर खनिज तेलाने फुगते आणि मग रिंग खाचेत बसत नाही. कँडल मधल्या उंचवट्यावर सरळ उभी राहिली आहे ना, हे पाहून नळकांडे हातानेच आवळायचे, शेवटी पान्ह्याने जरासा झटका. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, आटे मात्र जातात. फिल्टरच्या आधीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, लाल बटण दाबून हवा जाऊ द्यायची, त्यातून पाणी डोकावले की सोडायचे. मग जोडावर कोरडा कागद फिरवायचा. तो ओला झाला नाही तर काम झाले, नंतरचा व्हॉल्व्हही उघडायचा. सुरुवातीचे पाणी झाडांना. नळकांड्यावर मार्करने तारीख.

या कामाला अभियंता लागत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. मुरबाड-शहापूरमध्ये भेंडी, काकडी ठिबकवर घेणारे शेतकरी आपल्या स्क्रीन आणि डिस्क फिल्टरचे झाकण स्वतःच उघडतात, चकत्या सुट्या करून धुतात, रिंग बघतात, पुन्हा बसवतात. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात फरक पडला की गाळ साचला, हे त्यांना पाठ असते. शेतावरचा हा शहाणपणा घरातल्या भिंतीपर्यंत आणायचा, एवढेच बाकी आहे.

फिल्टर कुठे बसवला यावरही बरेच अवलंबून असते. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला दाब फार कमी असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. टाकी नळापेक्षा तीनच मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. त्यातला काही कँडल खाते, आणि ती तुंबत जाईल तसा अधिकच खाते. म्हणून अशा लाइनवर बारीक, लहान फिल्टर चालत नाही, जंबोच लागतो. लोह असलेल्या बोअरची गोष्ट आणखी वेगळी. असे पाणी जमिनीतून येते तेव्हा काचेसारखे स्वच्छ असते, कारण लोह विरघळलेले असते. विरघळलेले काहीही कँडलला अडवता येत नाही. हवा लागली की त्याच पाण्यात तांबूस गंज तयार होतो आणि मग तो कण म्हणून पकडता येतो. त्यामुळे तिथे पाणी आधी टाकीत पडू द्यावे, हवा खाऊ द्यावी, बसू द्यावे आणि फिल्टर टाकीनंतर लावावा. बोअरवरच फिल्टर लावून बादल्यांवर तांबडे डाग का पडतात म्हणून चक्रावलेल्या घरांना एवढी जागा बदलली तरी पुष्कळ फरक दिसतो.

वर्षभर काढलेल्या कँडली ओळीने ठेवल्या तर ऋतू दिसतात. जुलैची तांबडी, उन्हाळ्यातली करडी, लोहाच्या पाण्याची गंजकट पिवळी. हिरवट, बुळबुळीत कँडल सांगते की टाकीत ऊन शिरते आहे आणि शेवाळ वाढते आहे. मग टाकीचे झाकण बघायला हवे. एरवी चांगली चालणारी कँडल अचानक लवकर भरू लागली तर वरच्या बाजूला काहीतरी बिघडले आहे. कुठे पाइप फुटून माती आत ओढली जात असेल, कुठे विहिरीचा काठ ढासळला असेल.

मात्र या कँडलकडून भलती अपेक्षा ठेवणे धोक्याचे आहे. जंतू एक-दोन मायक्रॉनचे असतात, विषाणू त्याहून कितीतरी लहान. पाच मायक्रॉनची गाळणी त्यांना रोखत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. कँडल त्यातला एक मिलिग्रॅमही कमी करत नाही. पिण्याचे पाणी उकळणे किंवा शुद्ध करणे वेगळेच राहते. आणखी एक सावधगिरी कार्बनच्या कँडलबाबत. दुकानदार ती अनेकदा सोबत देतो. तिच्यातला कोळसाही बहुधा करवंटीचाच असतो आणि वास-चव सुधारण्यात तो उत्तम. पण तो पाण्यातला क्लोरीनही काढून घेतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत क्लोरीन असलेली टीसीएल पावडर टाकतो, ती पाणी नळाला येईपर्यंतच नव्हे, तर घरच्या टाकीत साठल्यावरही सुरक्षित राहावे म्हणून. टाकीच्या आधीच कार्बन लावला तर ते संरक्षण दारातच संपते. कार्बन लावायचाच तर स्वयंपाकघराच्या नळाला लावावा.

इथून प्रश्न घराच्या भिंतीबाहेर जातो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते आणि धोक्यानुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे ओटी चाचणीने मिनिटभरात कळते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे किट हाताळायला शिकवण्याची तरतूद आहे. शतकानुशतके ज्यांनी हंड्याला फडके बांधले त्यांच्याच हाती तपासणी देणे योग्यच आहे. पण कँडल बदलण्याचे काम घरातल्या पुरुषांनी आणि शाळकरी मुलांनीही शिकायला हवे. पाणी आणणे आणि गाळणे हा भार फार काळ एकट्या बाईच्या डोक्यावर राहिला. नळ आल्यावर पाणी आणण्याचे ओझे तरी उतरले. गाळण्याची जबाबदारी सगळ्यांत वाटली गेली पाहिजे.

आणि वापरलेल्या कँडलींचे काय, हेही ठरवावे लागेल. त्या प्लास्टिकच्या आहेत. परसात जाळल्या तर विषारी धूर होतो, ओढ्यात टाकल्या तर पुढच्या गावाला जातात. वाळवून, गाळ झटकून सुक्या कचऱ्यात देण्याची सोय पंचायतीने केली तर प्रश्न बराच सुटेल. निदान कँडल जास्त टिकावी म्हणून तिच्याआधी स्टीलच्या जाळीचा, धुता येणारा फिल्टर लावणे तर घराच्या हातात आहे.

इगतपुरीकडच्या भावली धरणातून शहापूर तालुक्यातल्या गावांना आणि पाड्यांना पाणी देण्याची योजना शासनाने मंजूर केली आहे. धरण घाटमाथ्यावर आणि गावे खाली, त्यामुळे पाणी पंपाशिवाय, उतारानेच येऊ शकते. असे सार्वजनिक केंद्रातून शुद्ध झालेले पाणी नळाला आले की भिंतीवरच्या फिल्टरला फारसे काम उरू नये. ते खरोखर तसे झाले आहे का, हे ओळखायला घरमालकाला कुणाच्या अहवालाची वाट पाहावी लागणार नाही. नळकांड्यावर मार्करने लिहिलेल्या तारखा त्याच्याकडे असतील. आधी कँडल किती दिवसांत भरत होती आणि आता किती दिवसांत भरते, हे तो ग्रामसभेत आकड्यानिशी सांगू शकेल. त्याच्यासारख्या दहा-वीस घरांनी आपापल्या तारखा एकत्र मांडल्या, तर कोणत्या वाडीची लाइन कुठे फुटली आहे, हेही त्या तारखांवरून शोधता येईल.